फुसका बार

गेल्या उन्हाळ्यात वणीच्या एका तरुण विद्यार्थ्याने आपल्या कादंबरीचे बाड माझ्यापुढे आणून ठेवले आणि 'सर, भीडभाड न ठेवता मत सांगा,' असे म्हणून तो उभाच राहिला. बाड दोनशे पानांचे होते. विषय असा, की आमच्या कोळशाच्या पट्ट्यात एक अनोळखी रोग पसरतो, मेलेली माणसे उठतात आणि जिवंतांना चावत सुटतात. उरलेली सात-आठ माणसे उकणीच्या बाजूला एका ओसाड कोठारात आश्रय घेतात. ते कोठार निघते स्फोटकांचे. खाणीवरचे लोक ज्याला 'मॅगझिन' म्हणतात ते. तिथपर्यंतची एकशे वीस पाने मी एका बैठकीत वाचली. पुढची ऐंशी पाने म्हणजे निव्वळ धडाका होता आणि ती वाचताना मला दोनदा डुलकी लागली.

ही डुलकी का लागली याचा विचार करता करता हा लेख झाला आहे. वाङ्मयात भुतेखेते नसावीत असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. नारायण धारपांनी मराठी वाचकांच्या कैक पिढ्यांची झोप उडवली, आणि ती उडवली ती वाड्याच्या जिन्याची, कडीकोयंड्याची आणि कंदिलाच्या काजळीची खात्री पटवून. एकदा जिना खरा वाटला की जिन्यावरून उतरणारे जे काही असेल तेही खरे वाटू लागते. अद्भुताला वास्तवाचे तारण लागते, ते असे. माझ्या विद्यार्थ्याने मढी उठवली, ती मी निमूटपणे मान्य केली. मला मान्य होईना ती त्याची जिलेटिनची कांडी.

त्याचा नायक कांड्या कमरेला खोचून हिंडतो. सुतळी बॉम्ब फेकावा तशी एकेक कांडी पेटवून गर्दीत फेकतो, वीस पावले चालतो आणि मागे वळून पाहतो. प्रत्येक कांडी हव्या त्या क्षणी उडते. एक उडत नाही. तेव्हा तो धावत जाऊन ती उचलतो, पुन्हा वात पेटवतो आणि पुन्हा फेकतो. इतर मंडळी त्याच कोठारात चूल मांडून भात शिजवतात. सुरुंगाच्या टोप्या, म्हणजे डिटोनेटर, आणि कांड्या एकाच पिशवीत घालून मोटारसायकलवरून नेतात. ज्या मुलाच्या घरापासून उघड्या खाणीचा भोंगा ऐकू येतो त्याने हे लिहावे, याचे मला नवल वाटले. त्या भोंग्यानंतर भोवतालची पाचशे मीटरपर्यंतची माणसे हलवतात, रस्त्यावर लाल झेंडा घेऊन माणूस उभा करतात. आणि स्फोटके एका कोठारात, टोप्या दुसऱ्या कोठारात ठेवतात. हे सारे त्याने लहानपणापासून पाहिलेले किंवा ऐकलेले. पण लिहायला बसल्यावर त्याला आठवला तो पडद्यावरचा स्फोट.

मी त्याला एक जुनी हकीकत सांगितली. ती इथे सांगणे भाग आहे, कारण माझे सगळे म्हणणे त्या हकीकतीवर उभे आहे.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या खेड्यात एका विहिरीचे काम चालले होते. वरची काळी माती गेली, मुरूम गेला आणि पाषाण लागला. मग सुरुंगवाला मिस्त्री आला. पहारीने भोके पाडायची, त्यांत दारू ठासायची, वाती जोडायच्या, आणि संध्याकाळी गुरे घरी आल्यावर बार उडवायचे, असा रोजचा क्रम. वाती पेटवून मिस्त्री दोराने वर येई, 'बार हाये रेऽऽ' अशी हाळी देत लिंबाच्या बुंध्याआड जाई आणि मुठीतले चिंचोके मोजू लागे. जितके बार, तितके चिंचोके. एक बार झाला की एक चिंचोका डाव्या मुठीतून उजव्या मुठीत.

एका संध्याकाळी आठ बार लावले होते आणि आम्ही सात ऐकले. आम्हां पोरांना हसू आवरेना. 'फुसका बार! फुसका बार!' म्हणून आम्ही नाचू लागलो. विहिरीचा मालक म्हणाला, दोन एकदम उडाले असतील, गाळ काढायला माणसे उतरवू. मिस्त्रीने उजवी मूठ उघडली. तीत सात चिंचोके होते. डावी उघडली, तीत एक. एक मुलगा विहिरीकडे धावला, त्याचा दंड धरून मिस्त्रीने त्याला मागे ओढले आणि म्हणाला, 'थो झोपला हाये, पोट्ट्या. मेला नाई.'

त्या रात्री त्याने विहिरीच्या तोंडाशी बाज टाकली आणि तिच्यावर निजला. कुणी उतरू नये म्हणून. मालक कुरकुरला, एक दिवसाची मजुरी बुडाली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री एकटा खाली गेला. जुने भोक त्याने उकरले नाही, त्यातून काही ओढून काढले नाही. आपल्या हिशेबाने जे करायचे ते केले आणि संध्याकाळी आठवा बार उडाला. तेव्हा कोठे आठवा चिंचोका उजव्या मुठीत गेला.

मराठीत 'फुसका बार' हा चेष्टेचा शब्द आहे. न पडलेले भाषण, न चाललेले नाटक, न टिकलेला पुढारी यांना आपण फुसका बार म्हणतो. ज्यांनी हा शब्द धंद्यातून उचलून बाजारात आणला त्यांनी त्याचा अर्थ उलटा केला. विहिरीत उडालेल्या बाराची भीती संपलेली असते. न उडालेल्या बाराइतकी भीती दुसऱ्या कशाचीच नसते. तो मेला आहे की झोपला आहे हे बाहेरून कळत नाही. आणि वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की झोंबीकथेतला मुख्य प्रश्नही नेमका हाच आहे.

झोंबी हा शब्द हैतीचा. उसाच्या मळ्यांवर गुलामीत राबलेल्या लोकांच्या लोककथेत तो जन्मला. मंत्राने उठवलेले प्रेत, ज्याला मरणानेही कामातून सुटका मिळत नाही, असा त्याचा मूळ अर्थ. त्याला आजचे रूप दिले जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाने, १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या कृष्णधवल चित्रपटात. एका शेतघरात सात माणसे अडकली आहेत, बाहेर उठलेली मढी फिरत आहेत. पळून जाण्याचा एकच उपाय, बाहेर उभा असलेला ट्रक. पण त्यात तेल नाही आणि पंप अंगणापलीकडे, कुलूपबंद. एक तरुण जोडपे आणि नायक मशाली घेऊन निघतात. घाईत बंदुकीने कुलूप उडवले जाते, पेट्रोल सांडते, मशाल जवळच असते आणि ट्रक पेट घेतो. जोडपे त्याच ट्रकमध्ये जळून मरते. मढ्यांनी त्यांना बोटही लावलेले नसते.

चित्रपटावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील वर्णभेदावर, त्या काळच्या अमेरिकेवर. या प्रसंगाकडे मात्र नुसता एक थरारक प्रसंग म्हणून पाहिले जाते. मला तो साऱ्या चित्रपटाची किल्ली वाटतो. शेवटी काय होते? सकाळी गावकऱ्यांची बंदूकधारी टोळी येते, आणि रात्रभर एकटा तगून राहिलेला नायक खिडकीत दिसताच त्याला मढे समजून गोळी घालते. जे मेले असे वाटते ते जिवंत असते, आणि जो जिवंत आहे तो मेलेला समजला जातो. पेट्रोलचा प्रसंग या सूत्रातच बसतो. ज्याला आपण निर्जीव साधन समजलो ते साधन उठले. स्वस्तात बनवलेल्या त्या चित्रपटाने स्फोटाला गुलाम मानले नाही, म्हणून तो आजही भिववतो.

१९८५ साली डॅन ओ'बॅननने 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. तो विनोदी आहे, पण त्याचा विनोद कडू आहे. लष्कराची विषारी पिंपे चुकीच्या पत्त्यावर पोहोचतात आणि एका गुदामाच्या तळघरात वर्षानुवर्षे पडून राहतात. एकाने नुसती थाप मारताच पिंप फुटते. उठलेले मढे जाळून टाकावे तर त्याच्या धुराचा पाऊस होतो आणि शेजारचे कबरस्तान जागे होते. अखेरीस सेना अण्वस्त्राचा गोळा टाकून शहराचा तो भाग भस्म करते, प्रश्न सुटला असे जाहीर करते, आणि पुन्हा पाऊस सुरू होतो. कोठाराचा हिशेब कुणी ठेवला नाही, यातून आपत्ती जन्मली. आणि मोठ्या स्फोटाने ती संपवू पाहिली, यातून ती वाढली. आमच्या मिस्त्रीने हा चित्रपट पाहिला असता तर तो पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाला असता, 'चिंचोके मोजले नाईत.'

मॅक्स ब्रुक्सच्या २००६ सालच्या 'वर्ल्ड वॉर झेड' या कादंबरीत न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स येथील लढाईचे प्रकरण आहे. रणगाडे, विमाने, अग्निबाण असा सारा सरंजाम असून अमेरिकेची सेना मढ्यांपुढे हरते. त्यामागचा विचार पाहण्यासारखा आहे. स्फोट माणसाला मारतो तो तुकड्यांनी आणि हवेच्या दाबाच्या लाटेने. ही लाट फुप्फुसांवर, कानांवर, जिथे जिथे शरीरात हवा आहे तिथे आघात करते. ज्याला श्वासच नाही त्याचे तिच्याने काय व्हावे? शिवाय स्फोटाचे निम्मे काम भीती करते, आणि मढे भीत नाही. म्हणजे स्फोटके फक्त जिवंतांनाच मारतात. ज्या लेखकाने एवढा विचार केला त्याची काल्पनिक लढाई पटते. माझ्या विद्यार्थ्याच्या ऐंशी पानांत जितकी मढी मेली तितक्यांवर माझा विश्वास बसला नाही.

कुणी म्हणेल, कल्पित कथेकडून सुरक्षेचे धडे मागणे म्हणजे कलेला शाळामास्तर करणे होय. हा आक्षेप मला मान्य आहे. पण मी धडा मागत नाही, वजन मागतो. ज्या वस्तूचे वजन लेखकाच्या हाताला जाणवले नाही ते वाचकाच्या हाताला जाणवत नाही. आणि या वस्तूचे वजन आमच्या भागातल्या लेखकाला जाणवू नये, ही गोष्ट केवळ कलेपुरती राहत नाही.

जरा नकाशा पाहा. देशातील स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संघटनेचे मुख्य कार्यालय नागपुरात. भंडाऱ्याला आणि भद्रावतीला आयुधनिर्माणी. वर्धा नदीपलीकडे पुलगावला सेनेचे दारूगोळ्याचे मोठे कोठार. आणि नदीच्या या अंगाला वणीच्या खाणी, जिथे सुरुंगाशिवाय एक दिवस जात नाही. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या कोठारात आग लागली आणि सोळाहून अधिक माणसे गेली. त्यांत आग विझवायला धावलेले होते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच भागात जुना, निकामी ठरवलेला दारूगोळा नष्ट करण्याच्या कामावर स्फोट होऊन सहा जण मेले. त्यांत रोजंदारीवर आलेले मजूर होते. 'निकामी' हा शब्द कागदावरचा. दारूगोळ्याला तो वाचता येत नाही. झोपलेल्याला मेलेला म्हटले की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणत्याही झोंबीकथेत मला आढळले नाही.

आमचा जिल्हा कापसाचा, आणि कापसाचाही या गोष्टीशी संबंध आहे. १८४६ साली शोनबाइन नावाच्या बाझलच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लांची प्रक्रिया करून त्याचे स्फोटक बनवले. दिसायला तो कापूसच. हातात घेतला तरी भय वाटू नये असा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फेव्हर्शॅमचा कारखाना उडाला आणि सुमारे वीस माणसे मेली. तंतूंच्या पोकळीत उरलेले आम्ल हळूहळू काम करीत राहते आणि कापूस आपोआप पेट घेतो, हे उमगायला पुढची काही वर्षे जावी लागली. १८६०च्या दशकात एबलने तो कुटून, पुन्हा पुन्हा धुऊन शांत करण्याची रीत घालून दिली. सारी विद्या अखेर धुण्याची आणि धीर धरण्याची निघाली.

आणि १४ एप्रिल १९४४ चा मुंबई बंदरातला स्फोट? 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता आणि त्याच्याच सोबतीला कापसाच्या गासड्या. गासडी आतून धुमसते, बाहेर कळत नाही, हे आमच्याकडचा जिनिंगमधला हमालही सांगेल. दुपारी आग दिसली. जहाजावर धोक्याच्या मालाचे लाल निशाण नव्हते. अग्निशामक दलाचे लोक पंप घेऊन भिडले, आणि चारच्या सुमारास पहिला, अर्ध्या तासाने दुसरा असे दोन महास्फोट झाले. त्या दलाचे सहासष्ट लोक मेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर पाळतात. आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. लाल निशाण नव्हते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या स्मरणशक्तीलाही पडद्यावरच्या स्फोटाचीच चटक लागली आहे, असे म्हणायचे ते यासाठी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडच्या भुतांना नावे होती. मुंजा कोणाचा, हडळ कोणाची, हे गावाला ठाऊक असे. भूत अंगात आले की पहिला प्रश्न, 'तू कोण? तुला काय पाहिजे?' उत्तर आले की नारळ, भात, एखादी राहिलेली इच्छा. आणि भूत वाटेला लागे. वेताळाला सुरुंग लावावा असे कुणाच्या मनात आले नाही. झोंबीला नाव नसते आणि गाऱ्हाणेही नसते. नाव काढून घेतले की मग गर्दी उरते, आणि गर्दीवर स्फोटक टाकायला लेखकाचा हात थरथरत नाही. २०२२ साली आदित्य सरपोतदारांच्या 'झोंबिवली'ने ही उणीव थोडी भरून काढली. उंच इमारत आणि शेजारची वस्ती यांच्यातला पाण्याचा तंटा त्यांनी कथेच्या मुळाशी घातला, त्यामुळे झोंबींना एक पत्ता मिळाला. त्या गावाने २६ मे २०१६ ला कारखान्यातला भीषण स्फोट भोगलेला होता, आणि चित्रपटानंतर २३ मे २०२४ ला आणखी एक भोगला. डोंबिवलीकराला संहाराची कल्पना परदेशातून आणावी लागत नाही. आम्हालाही नाही.

कारण नाव जसे मढ्याचे जाते तसेच कांडीच्या मागच्या माणसांचेही जाते. माझ्या विद्यार्थ्याच्या नायकाला खोकी सापडतात, भरलेली, तयार. ती कुणी भरली? १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावच्या एका कारखान्यात स्फोट झाला. खाणीतल्या सुरुंगांना लागणारे बूस्टर भरण्याचे काम तिथे चालले होते. नऊ जण मेले, त्यांत सहा बाया होत्या. रोज सकाळी डबा घेऊन घरून निघणाऱ्या. कोळशाच्या खाणीत एका क्षणाचा जो बार होतो, त्याच्या मागे अशा हातांचे दिवसच्या दिवस असतात. हैतीच्या जुन्या कथेतला मजूर, ज्याला मरणही कामातून सोडवीत नाही, तो आजच्या झोंबीकथांत कुठे हरवला असा प्रश्न मला पडतो, तो अशा वेळी.

मी हे सगळे त्या मुलाला सांगितले. एवढे ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, 'सर, माझा मोठा चुलता विहिरीच्या कामावर होता. त्याच्या डाव्या हाताला दोनच बोटे आहेत. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही.' मी विचारले, 'मग तो तुझ्या कादंबरीत का नाही?' त्यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते. 'लहानपणी आम्ही त्याच्या हाताला भीत होतो,' एवढेच तो म्हणाला.

दिवाळीनंतर तो नवे बाड आणणार आहे. कथानक अजून तेच आहे. मढी उठतात, माणसे कोठारात शिरतात. पण आता त्या माणसांत दोन बोटांचा एक म्हातारा आहे. चूल बाहेर पेटवा असे तो पहिल्याच रात्री सांगतो आणि कुणी ऐकत नाही, म्हणून पुन्हा सांगतो. कांड्या तो मोजतो, टोप्या वेगळ्या ठेवायला लावतो. जी खोकी जुनी आहेत, ज्यांतून काही झिरपले आहे, त्यांना तो हात लावू देत नाही. पोरे त्याला भित्रा म्हणतात. पुस्तकभर मोजून एकच बार उडतो, आणि तो केव्हा उडणार हे वाचकाला शेवटपर्यंत ठाऊक नसते. अशी निदान योजना आहे.

ही दिवाळी आहे. हा अंक हाती येईल तेव्हा वाचकांच्या अंगणात फटाके वाजत असतील, आणि पाडव्याच्या पहाटे शेजारची पोरे रात्री न उडालेले फटाके वेचायला निघतील. एखादा मोठा माणूस ओसरीवरून 'राहू दे, फुसका आहे' असे म्हणेल. त्याने ते म्हणू नये. उठावे, पोराचा दंड धरावा आणि त्याला मागे ओढावे.